आठची काच

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून एक मुलगी घरी आली. म्हणाली, "आजी, तुम्ही कॉलेजात शिपाई होता ना, त्या कामाबद्दल लिहा." मी म्हटलं, "झाडलं, पुसलं, घंटा दिली. झालं लिहून." तर म्हणाली, "ते नव्हे हो. गच्चीवरचं." म्हणजे कुणीतरी तिच्यापाशी बोंबललं होतं. तेव्हा मीच सांगितलेलं बरं. दुसरे सांगतात ते तिखटमीठ लावून.

मी चौथी पास आहे. अक्षर बरं आहे, ते गुरुजींच्या छडीमुळं. शुद्धलेखन अंकवाल्यांनी बघून घ्यावं, त्यांनाही काहीतरी उद्योग हवा.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात रोजंदारीवर लागले. वनस्पतिशास्त्राच्या खात्यात एक सर होते. सडपातळ, जाड चष्मा, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. त्यांच्या डोक्यात एकच भूत होतं. कोल्हापूरच्या हवेत रोज काय काय उडतं ते बघायचं, लिहून ठेवायचं, आणि हे वर्षानुवर्षं करायचं. मी विचारलं, "किती वर्षं?" म्हणाले, "जमतील तितकी. एका दिवसाच्या हवेवरून काही कळत नाही, हौसाबाई. दहा वर्षांच्या हवेवरून कळतं." मला वाटलं, ह्या माणसाला घरी कुणी विचारत नसावं.

काम काय ते सांगते. गच्चीवर एक लोखंडी दांडा. त्यावर पत्र्याच्या दोन ताटल्या, एकीवर एक, मध्ये थोडी फट. वरची ताटली पावसापासून आडोसा. मधल्या खाचेत बोटाएवढी लांब काच ठेवायची. काचेवर चिकट लेप, ग्लिसरीन आणि जिलेटीन शिजवून केलेला, गुलाबी रंगाचा, खरवसासारखा थरथरणारा. हवेत जे उडतं ते त्या लेपावर बसतं आणि अडकतं. रोज सकाळी आठ वाजता कालची काच काढायची, तिच्यावर दुसरी पातळ काच दाबायची, कागदाची चिठ्ठी डकवून तारीख घालायची, आणि नवी काच खाचेत ठेवायची. मग सर ती भिंगाखाली घेऊन एकेक कण मोजत बसायचे. रविवार नाही, दिवाळी नाही, गणपती नाही. सकाळचे आठ म्हणजे आठ.

बरोबर एक वही होती. तारीख, आभाळ, वारा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. सर म्हणाले, "आजूबाजूला जे दिसेल ते लिहा. काहीही चालेल, फक्त खरं लिहा." मग मी लिहायची. "मागल्या आळीत मिरची कांडप." "सुतार लाकूड तासतोय." "दत्तू शिंकला, पण लांब." दत्तू हा आमच्या खात्यातला दुसरा शिपाई. सुरुवातीला एकदा मी तापानं पडले म्हणून त्याच्याकडं काच बदलायचं काम दिलं. त्या दिवशीच्या काचेवर सरांना त्याच्या अंगठ्याचा ठसा सापडला, आणि विडीची राख. पुढं सर दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत. तेव्हापासून मी दत्तूला त्या जिन्याची पायरी चढू दिली नाही.

एकदा सरांनी मला भिंगातून बघायला लावलं. म्हणाले, "एक डोळा झाका." मी घाबरून दोन्ही झाकले. मग नीट बघितलं. जास्वंदीचा पराग म्हणजे काटेरी गोळा. बाभळीचा एकटा कधी नसतो, सोळा जणांचा गठ्ठा, घरच्या वरातीला निघाल्यासारखा. बुरशीची बीजं, किड्यांच्या पंखांचे तुकडे, गिरणीचं पीठ. थंडीत गुऱ्हाळं पेटली की काच काजळीनं काळी. जोतिबाच्या यात्रेची माणसं परतली की गुलाल. दुष्काळाच्या साली तर मातीच माती, पराग औषधालासुद्धा नाही. आपण हे सगळं दिवसभर नाकानं ओढतो आणि वर दुसऱ्याच्या घरच्या पाण्याला नावं ठेवतो.

सरांना एक खोड होती. काचेवर काही निराळं दिसलं की ते लांबून आलं असं त्यांना वाटायचं. सुताचा धागा सापडला की म्हणायचे, "पूर्वेचा वारा होता. हे कबनूरच्या मागांचं सूत." मी म्हणायची, "दत्तूच्या शर्टाचं असंल." ते ऐकायचे नाहीत. ही खोड ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

लोकांनाही आमच्या खोलीचा वास लागला. दमेकरी यायचे. एकदा एक पैलवान आला, दार भरून गेलं. मी म्हटलं, "पावणं, काय काम?"

"बाई, हौद्यात उतारलं की शिंका येत्यात. एक शिंक आली की समोरचा पट काढतोय. चार कुस्त्या गेल्या."

सरांनी त्याला एक काच दिली, तालमीत हौद्याच्या कडेला ठेवायला. दुसऱ्या दिवशी तो ती मुठीत धरून घेऊन आला. तांबडी माती आणि हळद इतकी, की भिंगातून उजेडच येईना. सर म्हणाले, "तुम्हाला तालमीच्या मातीचाच त्रास आहे."

"मग काय कुस्ती रंकाळ्यात खेळू?" म्हणाला आणि निघून गेला. पुढं त्यानं म्हशी घेतल्या असं ऐकलं. म्हशी चीत करत नाहीत, बरं झालं.

आता मुख्य गोष्ट. ही मी आजवर पाच माणसांना सांगितली असेल, त्यातली दोन मेली.

सात वर्षं झाली तरी मी रोजंदारीवरच होते. शेवटी कॉलेजनं ठरवलं, मला कायम करायचं. ऑर्डर टाईप होऊन ऑफिसात पडली होती. फक्त सरांचा एक दाखला लागणार होता, की ह्या बाईचं काम अखंड आणि समाधानकारक आहे. सर म्हणाले, "महिनाअखेरीला लिहून देतो." आणि परीक्षेच्या कामाला आठ दिवस पुण्याला गेले. जाताना पायरीवरून परत वळून सांगितलं, "हौसाबाई, खंड पडता कामा नये."

सर गेले आणि दुसऱ्या दिवशी चंदगडहून निरोप आला. माझी धाकटी बहीण सुशी तिथं दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरलेले, सासू नाही, आमची आईही नाही. नवरा काजूच्या बागेत राबणारा, बाळंतपणातलं त्याला म्हशीइतकंही कळत नव्हतं. मला जायलाच हवं होतं. रजा मागितली असती तर रोजंदारीला रजा कसली? आणि काच कोण बदलणार? दत्तू?

मी बसून विचार केला. काचेला काय लागतं? चोवीस तास हवा. हवा तर चंदगडलाही आहे.

मी तशीच पत्रेवाल्या इब्राहिमभाईंच्या दुकानात गेले. गच्चीवरच्या ताटल्या त्यांनीच केलेल्या. म्हटलं, तेलाच्या डब्याच्या पत्र्याची एक लहान जोडी करून द्या, दुपारच्या गाडीच्या आत.

"आक्का, कोंबड्यास्नी पाणी ठेवायला व्हय?"

"व्हय. लई शिकलेल्या कोंबड्या हायत. लवकर करा."

चार काचांना लेप लावला, लाकडी खाचांच्या पेटीत उभ्या ठेवल्या, वही पिशवीत घातली आणि एसटीत बसले. हजेरीचं दत्तू बघणार होता, त्या बाबतीत तो तयार माणूस. शेजारी एक म्हातारा बसला होता. गडहिंग्लज येईस्तोवर त्यानं माझ्या मांडीवरच्या पेटीवरची नजर काढली नाही.

"काय हाय म्हणायचं त्यात?"

"काचा."

"कसल्या?"

"रिकाम्या."

"रिकाम्या काचा चंदगडला कशापायी नेताय?"

"भरून आणायला."

तो उठून मागच्या बाकावर जाऊन बसला.

सुशीच्या गोठ्याच्या कौलांवर मी ताटल्या तारेनं बांधल्या. वर काजूची फांदी आलेली, मोहोरानं लगडलेली. चार दिवस रोज सकाळी आठला शिडी लावून वर चढले. चार काचा, चार चिठ्ठ्या, चार शेरे. एक मिनिट इकडचं तिकडं झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सुशीला कळा सुरू झाल्या. सुईण आली होती, पाणी तापलं होतं. मी घड्याळ बघितलं, आठाला पाच कमी. म्हटलं, "सुशे, जरा दम धर, आलेच." खाली आले तोवर पोरगी झाली होती. सुशी मला म्हणाली, "अक्का, तू कसायाच्या घरात जन्माला यायची हुतीस." मी म्हटलं, "नाळ कापली का?" रडण्यात वेळ घालवणारी मी नव्हे.

मला शंका आली नव्हती असं म्हणणार नाही. कौलांवर बसून वहीत "धुकं" असं लिहिताना मनात आलं होतं, की कोल्हापुरात आज धुकं आहे का? पण चिठ्ठीवर नुसती तारीख घालायची रीत होती, गाव घालायची नव्हती. सात वर्षांत कधी गाव लिहायची वेळच आली नव्हती. म्हटलं, विचारलं तर सांगू. आणि कुणी विचारलं नाही.

परत येताना सुशीच्या नवऱ्यानं भाजलेल्या काजूंची पिशवी दिली. ती मी सरांना दिली. "बहिणीकडचे हायत," म्हटलं. सर खूश. टेबलावर पिशवी ठेवून एकेक काजू तोंडात टाकत काचा मोजायला बसले.

तिसऱ्या दिवशी ओरडले, "हौसाबाई!"

मला वाटलं, विंचू चावला. धावत गेले. सर खुर्चीवरून उठलेले, चष्मा कपाळावर, गालात काजू.

"काजू!" म्हणाले.

"संपले काय? आणखी मागवते."

"अहो, हवेत! काजूचे पराग! कोल्हापुरात काजूचं झाड नाही, ते चंदगडच्या बाजूला. ही नेच्याची बीजं बघा, ही जंगलातली. आणि काजळी नाही. ऐन गुऱ्हाळांच्या दिवसांत चार दिवस काजळीचा एक ठिपका नाही! वारा फिरला होता. आणि धुकं, तुम्हीच लिहिलंय, धुकं!"

काजू तोंडात, काजू भिंगाखाली, आणि काजू देणारी बाई समोर उभी. तरी सरांना त्याचा मेळ लागेना. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं. मी त्या वेळीच बोलायला हवं होतं. बोलले नाही. ऑर्डर ऑफिसात होती.

पुढचे पंधरा दिवस सरांनी घर सोडलं म्हणायचं. पुण्याला मोठी परिषद होती, तिथं हा निबंध वाचायचा ठरला. त्याच्या जोरावर विजेवर चालणारं नवं यंत्र मागायचं होतं. एके दिवशी वर्गात फळ्यावर नकाशा काढला आणि मुलांना सांगायला लागले, "पराग चंदगडहून निघाला, असा गडहिंग्लजवरून आला, असा कागलला वळला..." मी दारात डस्टर घेऊन उभी. ते सांगत होते तो वारा नव्हता, आमची एसटी होती.

दत्तूला सांगितलं. तो म्हणाला, "हौसाक्का, गप बस. ऑर्डर हातात येऊ दे, मग काय बोंबलायचं ते बोंबल. न्हायतरी हवा बघायला पुण्यासनं कोण येतंय?"

त्याचं खोटं नव्हतं. कुणी आलं नसतं. मी दोन दिवस गप्प बसले. घरी दोन पोरं, नवरा असून नसल्यासारखा, कायम होणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं. पण रोज आठला गच्चीवर काच बदलायची होतीच. चिठ्ठीवर तारीख घालताना वाटायचं, ही तरी कोण खरी मानील? चार काचा खोट्या निघाल्या तर लोक म्हणणार, बाकीच्या अडीच हजार कशावरून खऱ्या? त्या अडीच हजार काचा मी बदलल्या होत्या. पावसात, तापात, पोटुशी असताना. त्या खऱ्या होत्या. त्यांच्यावर कुणी थुंकलेलं मला चाललं नसतं.

तिसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले. ते निबंधाची शाई वाळवत होते.

"सर, ते काजू मी आणलं."

"हो, छान होते."

"ते न्हवं. काचेवरचं. काचा मी चंदगडला नेल्या हुत्या. बहिणीचं बाळंतपण हुतं. चार दिवस तिथंच लावल्या, गोठ्यावर."

सरांनी पेन खाली ठेवलं. ते शिव्या देतील म्हणून मी तयारीनं गेले होते. मला उलट शिव्या देता येतात, त्याची काळजी नव्हती. पण शिव्या आल्याच नाहीत. म्हणाले, "वर झाड होतं?"

"फांदी हुती. मोहोर आलेला."

"किती वाजता बदलत होता?"

"आठला. पोर व्हईत हुतं तवाबी आठलाच."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. निबंधाचे कागद जुळवून खणात टाकले. मग विचारलं, "हौसाबाई, त्या चार दिवसांत इथं कोल्हापुरात हवेत काय होतं?"

"मला न्हाय म्हायती."

"मलाही नाही," ते म्हणाले. "आणि आता कुणालाच कधी कळणार नाही. ती हवा गेली."

एवढंच. पण मला तेव्हा कळलं, मी काय घालवलं ते. दुसरं काहीही हरवलं तर शोधता येतं. दत्तूचं धोतर हरवलं तरी सापडलं होतं. हे नाही.

मग सरांनी कॉलेजचा कागद काढला. मला कायम करायच्या दाखल्याचा. "समाधानकारक" लिहिलं. "अखंड" लिहायच्या जागी पेन थांबलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "हे मी लिहू शकत नाही. चार दिवस खंड आहे."

"नका लिहू," मी म्हटलं. "खोटं लिहिलेलं म्या बघितलं की. लई तरास हुतोय."

ऑर्डर परत गेली. मी आणखी दोन वर्षं रोजंदारीवर राहिले. सरांचा राग आला का? आला. घरी जाऊन भांडी आपटली. पण सकाळी आठला गच्चीवर होते. सरांनी पुण्याला जाऊन काय सांगितलं ते मला माहीत नाही. यंत्र त्या वर्षी मिळालं नाही एवढं खरं. आणि त्या चार काचांवर त्यांनी स्वतःच्या हातानं लाल शाईनं "चंदगड" लिहिलं आणि वेगळ्या पेटीत ठेवल्या. टाकल्या नाहीत. म्हणाले, "चंदगडच्या म्हणून त्या चांगल्या आहेत. काम नीटच केलंय तुम्ही, फक्त गाव चुकलं."

त्यानंतर मी गाव सोडलं नाही. थोरलीचं लग्न नृसिंहवाडीला होतं. व्याही म्हणाले, आदल्या दिवशी मुक्कामाला या. मी म्हटलं, आठची काच बदलून येते. अक्षता पडायच्या आत पोचले. व्याह्यांना वाटलं, बाईला वेड आहे. असेल. पण अखंड.

पुढं ऐंशी सालानंतर विजेचं यंत्र आलं. कागदातून हवा ओढायचं, पिठाच्या गिरणीसारखं घरघरायचं. त्यात बटण दाबायला माणूस लागत होता, बघायला लागत नव्हता. शेऱ्याचा रकाना गेला. सर निवृत्त झाले, थोड्या वर्षांनी मीही. काचांच्या पेट्या कुठल्याशा कपाटात गेल्या.

सर जायच्या आधी त्यांच्या एका विद्यार्थ्यानं त्या सगळ्या वर्षांचं एक पुस्तक छापलं. सरांनी माझी प्रत घरी पाठवली. आभाराच्या यादीत संस्था आहे, प्राचार्य आहेत, वीजमंडळ आहे. मी नाही. इब्राहिमभाईही नाहीत. मला त्याचं काही नाही, यादीत नाव घालून कुणाचं पोट भरलं? पण मधल्या एका पानावर आडवा तक्ता आहे. एकेक दिवसाची एकेक बारीक रेघ, वर चढलेली, खाली उतरलेली, दाट, जंगलासारखी. आणि त्यात एका ठिकाणी चार रेघांची रिकामी जागा. दात पडल्यासारखी. विद्यार्थी म्हणाला होता म्हणे, दोन्हीकडच्या रेघा बघून मधलं अंदाजानं भरून टाकू. सरांनी भरू दिलं नाही.

सुशीची ती पोरगी आता पन्नाशीची आहे. मागं दोघी आल्या होत्या तेव्हा मी ते पान काढून तिच्यापुढं ठेवलं.

"ह्यो बघ तुझा जलमदिवस."

तिनं चष्मा लावून बघितलं. "मावशी, इथं तर काहीच न्हाय."

"व्हय. त्या दिवशी कोल्हापूरची हवा कुणी बघितली न्हाय. मी तुझ्याकडं हुते."

सुशी चहा पीत होती. कप खाली ठेवून म्हणाली, "माझ्याकडं कुठली? छपरावर."